पाच ससे आणि न मोजलेली माणसं

टिबूबरा गाव मागे पडल्यापासून मी कांगारू मोजत होते. तांबड्या मातीचा कच्चा रस्ता, दोन्ही अंगांना गुडघाभर खुरटी झुडपं आणि त्यांच्या विरळ सावलीत कुशीवर पडलेले कांगारू. उन्हं कलली तसे ते उठले. एकेकटे नव्हे, दहा-दहा, पंधरा-पंधरांचे घोळके. बोटांची पेरं पुरेनात तेव्हा मी वही काढली आणि रेघा मारायला लागले. चार उभ्या, पाचवी आडवी. एमूंचं पान वेगळं. भाचा गाडी चालवत होता. थोड्या थोड्या वेळानं विचारायचा, "मावशी, किती झाले?"

तीस वर्षं मी नगर जिल्ह्यात पशुधन विकास अधिकारी होते. दर पाच वर्षांनी पशुगणना यायची. आपल्याकडे ती १९१९ पासून होते आहे. वाड्या-वस्त्या पालथ्या घालायच्या, गोठ्यात वाकून पाहायचं, संकरित किती, देशी किती, शेळ्या, मेंढ्या, परसातल्या कोंबड्या, सगळं लिहून घ्यायचं. पारनेरच्या माळावर धनगरांचे वाडे बसलेले असत. त्यांना आकडा विचारला की म्हातारी माणसं तोंड फिरवायची. मेंढरं मोजली की कमी होतात, असं ती मानायची. आम्ही मोजायचो ते मेंढरं सकाळी वाड्यातून बाहेर पडताना, एका बाजूला उभं राहून. त्यांना दिसू नये अशा बेतानं.

ऑस्ट्रेलियात आल्यावर कळलं की या खंडाची गेल्या अडीचशे वर्षांची गोष्ट मोजणीतूनच सांगता येते. कोणाला मोजलं आणि कोणाला मोजलं नाही, त्यातून.

पण आधी ते कुंपण, जे पाहायला आम्ही कॅमेरॉन कॉर्नरला निघालो होतो. कॅमेरॉन कॉर्नर म्हणजे क्वीन्सलँड, न्यू साउथ वेल्स आणि साउथ ऑस्ट्रेलिया ही तीन राज्यं जिथे टेकतात तो बिंदू. १८८० मध्ये जॉन कॅमेरॉन नावाच्या मोजणीदारानं तो नक्की केला. वस्ती म्हणाल तर एक दुकान. आणि वाळूच्या टेकड्यांवरून चढत-उतरत आलेली, पुरुषभर उंचीची तारेची जाळी. हिची लांबी ५,६१४ किलोमीटर. मुंबईहून दिल्लीला जाऊन परत यावं आणि पुन्हा एकदा जाऊन परत यावं, इतकी. क्वीन्सलँडच्या डार्लिंग डाउन्सपासून निघून ती थेट दक्षिणेच्या समुद्रावरच्या कड्यांपर्यंत जाते. मेंढ्यांना डिंगोपासून वाचवायला ती घातली. डिंगो म्हणजे इथला रानकुत्रा, पिवळसर तांबूस, आपल्या गावठी कुत्र्यांच्या इतका जवळचा की पहिल्यांदा चित्र पाहिलं तेव्हा मला आमच्या दवाखान्याच्या पायरीवर झोपणारी कुत्री आठवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटक उघडून, पलीकडे जाऊन, नीट लावून घेऊन आम्ही क्वीन्सलँडमध्ये शिरलो. तीच माती, तोच पाऊस, तीच झुडपं. दोन तास गाडी चालली. माझ्या वहीत चार कांगारू. एमू एकही नाही. मला आधी वाटलं वेळ चुकली, उन्हाची वेळ आहे. संध्याकाळी परत त्याच रस्त्यानं आलो. तेव्हा दोन. आणि फाटक ओलांडून न्यू साउथ वेल्समध्ये आल्यावर अर्ध्या तासात पन्नासच्या वर.

म्हणजे कुंपणाच्या ज्या बाजूला डिंगो आहे तिथे कांगारू थोडे, आणि जिथे त्याला हुसकावलं तिथे उदंड. एवढं माझ्यासारखीला तर्कानं समजलं असतं. पण गोष्ट पुढे जाते. डिंगो नाही तिथे कोल्हे आणि रानमांजरं माजतात. ती उड्या मारणाऱ्या छोट्या उंदरांना खातात. ते उंदीर झुडपांच्या बिया खाणारे. उंदीर घटले की बिया उरतात, झुडपं वाढतात, झुडपं वाळू धरून ठेवतात. न्यू साउथ वेल्स विद्यापीठाच्या संशोधकांनी ड्रोन उडवून मोजलं, तर डिंगो नसलेल्या बाजूच्या वाळूच्या टेकड्या पलीकडच्यांपेक्षा उंच निघाल्या. एका कुत्र्याच्या असण्या-नसण्यानं जमिनीचा उंचवटा बदलला! मी ते ऐकून गाडी थांबवायला लावली आणि एका टेकडीवर चढून बराच वेळ दोन्हीकडे पाहत उभी राहिले. डोळ्यांना फरक कळला नाही. पण त्या क्षणापासून तिथल्या प्रत्येक झुडपाकडे मी वेगळ्या नजरेनं पाहू लागले.

याच डिंगोला इथे येऊन साडेतीन हजार वर्षं झाली असावीत. माणसांबरोबर, समुद्रावरून, होडीतून. त्याच्या आधी खंडात पट्टेरी थायलसिन होता. वाघाचे पट्टे, कुत्र्याचा चेहरा आणि पोटाला कांगारूसारखी पिशवी. डिंगो आल्यानंतर काही शतकांत तो मुख्य भूमीवरून नाहीसा झाला. उरला तो टास्मानियात, कारण समुद्राची पातळी वाढून ते बेट त्याआधीच तुटलं होतं आणि डिंगो तिथे पोचलाच नाही. टास्मानियाच्या सरकारनं १८८८ ते १९०९ या काळात दर पूर्ण वाढलेल्या थायलसिनमागे एक पौंड बक्षीस दिलं. २,१८४ बक्षिसं दिल्याची नोंद आहे. त्या प्राण्याची सगळ्यात नेमकी सरकारी मोजणी मला सापडली ती ही, मेलेल्यांची. शेवटचा थायलसिन होबार्टच्या प्राणिसंग्रहालयात ७ सप्टेंबर १९३६ ला मेला. त्याला कायद्याचं संरक्षण मिळून तेव्हा दोन महिनेही झाले नव्हते.

डिंगोच्या त्या होडीचा एक धागा काही काळ आपल्याकडेही आला होता. २०१३ मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी इथल्या मूळ रहिवाशांच्या जनुकांत भारतातून सुमारे ४,२०० वर्षांपूर्वी आलेला अंश दिसतो असं मांडलं. काळ डिंगोच्या आगमनाच्या आसपासचा, त्यामुळे त्या वेळी मी ते मोठ्या उत्साहानं कात्रण करून ठेवलं होतं. २०१६ मध्ये पुरुषांच्या वाय गुणसूत्रावरच्या दुसऱ्या अभ्यासात तसा दुवा मिळाला नाही. कात्रण मी अजून ठेवलं आहे, त्याला दुसरं जोडून.

आता इथल्या पहिल्या मोजणीकडे येते. २६ जानेवारी १७८८ ला अकरा ब्रिटिश जहाजांचा तांडा कैद्यांना घेऊन सिडनीच्या खाडीत उतरला. गव्हर्नर आर्थर फिलिपनं १ मेला वसाहतीतल्या जनावरांचा तक्ता करवला. तो वाचताना मला आमच्या खात्याचे फॉर्म आठवले. २ वळू, ५ गायी, २९ मेंढ्या, १९ शेळ्या, १२२ कोंबड्या, ३५ बदकं. आणि ५ ससे. अख्ख्या खंडातलं पाळीव जनावर एका कागदावर मावत होतं! महिन्याभरातच गुराख्याच्या नजरेआड ते वळू आणि गायी रानात निघून गेल्या. सात वर्षांनी, १७९५ मध्ये, नेपियन नदीपलीकडे त्यांचा मोठा कळप सापडला, गुटगुटीत. तिथल्या दारावल लोकांनी तोवर एका गुहेच्या भिंतीवर बैल काढून ठेवले होते. आधी कधी खूर न पाहिलेल्या माणसानं काढलेला बैल! या खंडातल्या कोणत्याही मूळ जनावराला खूर नाहीत. सगळे मऊ पंजांचे. माझ्या धंद्यात खुराला फार मोल, त्यामुळे हे कळल्यावर मी रस्त्यावरच्या मातीकडेही निराळ्या नजरेनं पाहू लागले. लाखो वर्षं ज्या मातीवर खूर पडला नाही, तिच्यावर शंभर वर्षांत दहा कोटी मेंढ्या चालल्या.

दहा कोटी हा १८९० नंतरचा आकडा. पुढे १८९५ ते १९०३ चा दुष्काळ आला आणि त्यातल्या जवळपास निम्म्या गेल्या. बहात्तरच्या दुष्काळात मी शाळेत होते. आमच्या गावच्या माळावर पडलेल्या सांगाड्यांचा वास अजून नाकात आहे, त्यामुळे पाच कोटी मेंढ्यांचं मरण मी डोळ्यांसमोर आणू शकत नाही, पण एका माळाचं आणू शकते. त्यानंतर पुन्हा वाढ. १९७० मध्ये १८ कोटी. आता त्याच्या निम्म्याहून कमी. लोकर उतरली, कृत्रिम धागा आला, शेतकरी गव्हाकडे आणि मांसाकडे वळले. हे सगळं वर्षवार, राज्यवार, सुबकपणे छापलेलं मिळतं.

त्याच वर्षांतल्या मूळ रहिवाशांचा आकडा शोधायला गेलं की अंदाज मिळतात. १७८८ मध्ये कोणी म्हणतं तीन लाख, कोणी साडेसात लाख, कोणी त्याहून जास्त. १७८९ च्या एप्रिलमध्ये सिडनीभोवती देवीची साथ पसरली आणि निम्मी माणसं गेली, असं त्या वेळी फिलिपनंच लिहून ठेवलं. नंतर जमिनी गेल्या, पाणवठे गेले, बंदुका चालल्या, मुलं आईपासून तोडून नेली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला उरलेली माणसं लाखाच्या आत असावीत. 'असावीत' म्हणते, कारण १९०१ च्या राज्यघटनेतलं १२७ वं कलम सांगत होतं की लोकसंख्येची गणना करताना मूळ रहिवाशांना धरायचं नाही. त्यांना वनस्पती आणि प्राण्यांच्या कायद्याखाली ठेवलं होतं असं पुष्कळजण सांगतात. तसा कायदा नव्हता. माणसं बेरजेतून वगळायला एक ओळ पुरेशी होती. २७ मे १९६७ ला सार्वमत झालं, नव्वद टक्क्यांहून जास्त मतदारांनी होकार दिला आणि ते कलम निघालं. सगळ्यांना बेरजेत धरलेली पहिली जनगणना १९७१ ची.

१९६७. त्या साली मी पाटीवर अंक गिरवत होते. हे इतकं अलीकडचं आहे यानं मला रात्रभर झोप आली नाही. प्रगणकाचं काम मी अभिमानानं केलं. माझ्या तक्त्यात कोणाच्या घरची एक लंगडी शेळीसुद्धा सुटू नये म्हणून मी पुन्हा फेरी मारली आहे. त्याच तक्त्याची रेघ कुठे मारायची हे ठरवणारा माणूस किती अन्याय करू शकतो, हे मला साठी उलटल्यावर, परक्या देशात समजलं.

फिलिपच्या तक्त्यातल्या पाच सशांचं पुढे काही झालं नाही. गोंधळ केला तो चोवीसांनी. २५ डिसेंबर १८५९ ला लिव्हरपूलहून आलेलं जहाज मेलबर्नला लागलं. त्यात थॉमस ऑस्टिन या जमीनदारासाठी इंग्लंडहून भावानं पाठवलेले ससे होते. शिकारीची हौस भागवायला त्यानं ते विंचेल्सीजवळच्या बार्वन पार्क या आपल्या मळ्यावर सोडले. त्याआधी कितीतरी वेळा पाळीव ससे आले होते, ते पसरले नाहीत. यांच्यात रानसशाचं रक्त होतं. २०२२ मधल्या जनुकीय अभ्यासानं दाखवलं की खंडभरच्या सशांचं मूळ बहुतांशी याच एका खेपेकडे जातं. पन्नासेक वर्षांत ते पश्चिम किनाऱ्याच्या दारात पोचले. त्यांना अडवायला तिकडे १९०१ पासून कुंपण घातलं. पहिलंच १,८३३ किलोमीटर. ते १९०७ मध्ये पुरं होईतो ससे आत गेलेले होते.

१९५० मध्ये शास्त्रज्ञांनी मिक्सोमा नावाचा विषाणू सोडला. तो डासांवाटे पसरला, आणि सुमारे ६० कोटी ससे दोन वर्षांत १० कोटींवर आले. त्याच सुमारास परतीच्या वाटेवर आम्हाला लागलेल्या मिल्ड्युरा गावाच्या आसपास माणसांत मेंदूज्वराची साथ आली आणि लोक घाबरले की हा सशांचाच रोग. तेव्हा फ्रँक फेनर, मॅकफार्लेन बर्नेट आणि इयन क्लुनीस रॉस या तिघांनी तो विषाणू स्वतःला टोचून घेतला. काही झालं नाही. हे वाचून मी उठून उभी राहिले. आम्ही लशींवर आयुष्य काढलेली माणसं, आम्हाला त्या सुईची किंमत कळते. फेनरनं पुढे अनेक वर्षं तपासलं, तर विषाणू सौम्य होत गेला आणि ससे चिवट. दोघांनी एकमेकांबरोबर जगायचा मार्ग काढला. ससे आजही आहेत. मी मोजले. बार्वन पार्कपासून शेकडो कोस लांब, एका पेट्रोल पंपाच्या मागे, संध्याकाळी अकरा.

ब्रोकन हिलच्या मशिदीत मी चपला काढून आत गेले तेव्हा बाहेर रखरखीत ऊन होतं. पत्र्याची, तांबड्या रंगाची, एका खोलीची मशीद. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उंटवाल्यांनी बांधलेली. या खंडाच्या मध्यात रेल्वे नव्हती, बैल तहानेनं मरायचे, म्हणून उंट आणले. १८६० मध्ये बर्क आणि विल्स यांच्या शोधमोहिमेसाठी कराचीहून पहिला मोठा तांडा आला. कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होती, म्हणजे त्या उंटांच्या निर्यातीचे कागद आपल्याच सरकारच्या दप्तरात पडले असणार. १८७० ते १९२० दरम्यान सुमारे २०,००० उंट आले आणि त्यांच्याबरोबर निदान २,००० माणसं. पश्तून, बलुची, सिंधी, पंजाबी. इथे सगळ्यांना 'अफगाण' म्हटलं जाई. याच मशिदीत एक जाडजूड ग्रंथ कुराण म्हणून जपून ठेवला होता. समिया खातून या इतिहासकार बाईंनी तो उघडून पाहिला, तर ते बंगालीतलं काव्य निघालं. कुठल्याशा बंगाली माणसानं उंटाच्या पाठीवर, खाणींच्या या गावात, आपली भाषा आणली होती. त्याचं नाव कोणत्याही यादीत सापडत नाही.

मोटारी आल्या आणि उंट निकामी झाले. १९२५ मध्ये साउथ ऑस्ट्रेलियानं मोकाट उंट मारायची परवानगी देणारा कायदा केला. पुष्कळ मालकांना आपलं जनावर मारवेना. त्यांनी ती रानात सोडून दिली. त्यांच्या पोटची लाखो पिल्लं आज वाळवंटात आहेत. जगात एवढे रानटी उंट दुसरीकडे नाहीत. २००९ ते २०१३ या काळात सुमारे १,६०,००० मारले. २०२० च्या जानेवारीत, भयंकर उन्हाळ्यात, तहानेलं जनावर वस्त्यांच्या पाण्यावर येऊ लागलं तेव्हा हेलिकॉप्टरमधून पाच हजारांहून अधिक टिपले. डॉक्टर म्हणून मला त्यामागचं कारण समजतं. माणसांचं पाणी राखायला हवंच. तरी कराचीच्या धक्क्यावर त्यांच्या पूर्वजांना जहाजात चढवणारा हात मला दिसत राहतो.

रात्री मिल्ड्युराच्या मोटेलमध्ये भाच्यानं मला २०२१ च्या जनगणनेचे आकडे दाखवले. एकूण २,५४,२२,७८८ माणसं. स्वतःला मूळ रहिवासी म्हणवणारी ८,१२,७२८. भारतात जन्मलेली ६,७३,३५२, म्हणजे ऑस्ट्रेलिया आणि इंग्लंड यांच्यानंतर तिसरा क्रमांक. त्यात तो एक. घरी कोणती भाषा बोलता या रकान्यात त्यानं 'मराठी' लिहिलं होतं. मला आनंद झाला, खोटं कशाला सांगू. आणि लगेच मनात आलं की या खंडात डिंगोच्या होडीपासून आजच्या विमानापर्यंत उतरत आलेल्यांच्या रांगेत आता आमचाही पोरगा उभा आहे.

शेवटचा दिवस मंगो सरोवराचा. सरोवर म्हणजे नावाला. पाणी आटून हजारो वर्षं लोटली. करड्या झुडपांचं सपाट पात्र आणि पूर्वेच्या काठावर वाऱ्यानं रचलेली वाळू-मातीची लांबलचक कमान. इथे जुनं मेंढ्यांचं लोकरघर उभं आहे, १८६९ च्या सुमाराचं, लाकडाच्या ओंडक्यांचं. आत अजून लोकरीच्या तुपकट वासाचा भास होतो. खांबांना हात लावला तर गुळगुळीत लागले. मेंढ्यांची पाठ घासून.

त्या मेंढ्यांच्या खुरांनी आणि सशांच्या बिळांनी कमानीची माती उघडी पडली, पाऊस-वाऱ्यानं ती धुपली, आणि १९६८ मध्ये जिम बोलर या भूवैज्ञानिकाला तीत जळकी हाडं दिसली. एका बाईची. सुमारे ४०,००० वर्षांपूर्वीची. तिचं दहन केलं होतं, हाडं फोडून पुन्हा अग्नी दिला होता आणि मग पुरलं होतं. १९७४ मध्ये जवळच एक पुरुष सापडला, अंगावर गेरू शिंपडलेला. गेरू या परिसरात मिळत नाही. तो कुठून तरी लांबून आणला होता. त्याच मातीत गाडीएवढ्या पिशवीधारी प्राण्यांची हाडंही मिळाली आहेत. ते प्राणी माणूस आल्यानंतरच्या काही हजार वर्षांत नष्ट झाले. माणसानं संपवलं की बदलत्या हवेनं, यावर अजून वाद चालतो. बाईच्या अस्थी १९९२ मध्ये आणि त्या पुरुषाच्या २०१७ मध्ये, शववाहिकेतून, त्यांच्या लोकांकडे परत आल्या.

आमच्या बरोबरची मार्गदर्शक तिथल्याच मूळ रहिवाशांपैकी होती. साधारण माझ्या वयाची. तिनं आम्हाला पावलांचा ठसा दाखवला. २००३ मध्ये या परिसरात, कोरड्या तळाच्या मातीत, सुमारे २०,००० वर्षांपूर्वीची माणसांची शेकडो पावलं सापडली. ओल्या मातीतून चाललेली, घट्ट वाळलेली. किती होती, कशी चालली, हे शास्त्रज्ञांनी मोजलं. पण नीट वाचायला वाळवंटातल्या पिंटुपी लोकांना बोलावलं. त्यांनी सांगितलं, हा पुरुष वेगानं पळत होता. हा दुसरा एकाच पायावर उड्या मारत जात होता, त्याला दुसरा पाय नव्हता. हे लहान मूल मोठ्यांची वाट सोडून भरकटलं.

मी वाकून त्या मुलाच्या टाचेत बोट ठेवलं. पण तो ठसा साच्यातून घेतलेला होता. खऱ्या पावलांवर, ती उन्हापावसानं झिजू नयेत म्हणून, पुन्हा वाळू पसरली आहे.

"मग खरी कुठे आहेत?" मी विचारलं.

तिनं हात उचलला नाही. हनुवटीनं फक्त समोर दाखवलं, त्या सगळ्या सपाट, करड्या पात्राकडे, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.